यवत ते रोटी : एक यादी

देहूच्या ज्या वाण्याने आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, त्याच्याच पालखीच्या वाटेवर वही उघडून बसणे तसे विसंगतच. पण इथे कोणाचे येणे लिहायचे नाही की देणे. या वाटेवरून काय काय उठून गेले, काय उठायच्या बेतात आहे, तेवढे टिपून ठेवायचे आहे.

आधी वाट. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूतून निघते. पुण्यात ज्ञानोबांच्या पालखीचा शेजार असतो. पुढे हडपसरला वाटा फुटतात. माउली दिवेघाट चढून सासवडला जातात, तुकोबा लोणी काळभोरवरून सोलापूर रस्त्याने पुढे येतात. बोरीभडकला पालखी दौंड तालुक्यात शिरते. एक रात्र यवत, एक रात्र वरवंड. पाटसनंतर सोलापूर रस्ता सुटतो, रोटीचा घाट लागतो आणि घाट चढला की हिंगणीगाडा, वासुंदे करत पालखी बारामतीच्या अंगाला लागते.

भीमेच्या पलीकडे शिरूर तालुका. पालखी तिकडे जात नाही. तिकडची माणसे नदी ओलांडून इकडे दर्शनाला येतात आणि कार्तिकात आळंदीची वाट धरतात.

पालखी सोहळ्याची सुरुवात तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली केली असे परंपरा मानते. सोहळा क्षीण झालेला नाही, उलट वाढला आहे. कमी झाल्या त्या वाटेवरच्या गावांनी पालखीसाठी बाहेर काढायच्या वस्तू. म्हणून ही यादी वारकऱ्यांची नाही, यजमानांची आहे.

रिकामे रान

दौंड तालुका पर्जन्यछायेतला. जिरायतीच्या दिवसांत ज्येष्ठ सरता सरता रान नांगरून, कुळवून पावसाची वाट बघत पडलेले असे. बाजरी पेरायची राहिलेली किंवा नुकती पेरलेली. दिंडीचे तंबू ठोकायला जागा मागितली तर नाही म्हणायला शेतकऱ्याकडे कारणच नसे. वारीची तिथी शेतीच्या सवडीवर अशी नेमकी बसली होती: माणूस मोकळा, बैल मोकळा, रान मोकळे.

मग खडकवासल्याच्या उजव्या कालव्याचे पाणी आले, नदीवर उपसा योजना झाल्या, ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष रान सोडत नाही. त्याला ज्येष्ठही सारखा आणि माघही सारखा. सोलापूर रस्त्यालगतचे राहिलेले रान एन.ए. झाले, त्यावर तारेचे कुंपण आणि प्लॉट विक्रीची पाटी आली. मुक्कामाच्या गावी आता दिंड्यांच्या जागा आधी हिंडून, बोलून, ठरवून घ्याव्या लागतात. यादीत हे पहिले, कारण पुढच्या बऱ्याच वस्तू याच रानाबरोबर गेल्या.

थारोळे

विहिरीवर मोट चाले तेव्हा तिचे पाणी आधी थारोळ्यात पडे आणि तिथून पाटाने पिकाला जाई. पहाटे वारकऱ्याची आंघोळ त्या थारोळ्यात होई. मोट हाकणारा चार मोटा जास्त ओढी, बाया पाटावर धुणी धूत, निघताना दिंडीतला एखादा म्हातारा विहिरीला हात जोडून जाई.

मोटेच्या जागी तेलावरचे इंजिन आले, इंजिनाच्या जागी विजेची मोटर, मोटरीबरोबर पाइपलाइन आणि शेवटी बोअर. बोअरला ना काठ, ना थारोळे. आज दिंडीबरोबर स्वतःचा टँकर असतो. तो कुठल्या विहिरीवर भरायचा हे प्रशासन आधी ठरवते आणि पाण्यात औषध टाकते. ते योग्यच आहे. फक्त पूर्वी पाणी देणारा समोर उभा असे, आता नळ असतो.

वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव मात्र जागेवर आहे. इंग्रजी अमदानीतले हे काम.

वड

जुन्या सोलापूर रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडे होती: वड, लिंब, चिंच. दिंडीचा विसावा झाडावर ठरे. अमक्या दिंडीचे जेवण अमक्या वडाखाली, हे पिढ्यान्‌पिढ्या चाले. झाडाला नाव नसले तरी दिंडीच्या नावाने ते ओळखले जाई.

रस्ता रुंदावत गेला तशी झाडे गेली. पाटसपासून पुढे आता संत तुकाराम महाराज पालखी मार्ग आहे. पाटस ते तोंडले-बोंडले या सुमारे १३० किलोमीटरच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीने झाली. खर्चाचा अंदाज सुमारे ४,४०० कोटी रुपयांचा. पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट हा त्या आराखड्याचाच भाग. वाहनाच्या धक्क्याने वारकरी मरण्याच्या बातम्या दरवर्षी वाचणाऱ्याने या वाटेला नाव ठेवू नये.

पण वेगळ्या वाटेवर सावलीही लागते. रोपे लावली जातात; वड मोठा व्हायला दोन पिढ्या लागतात. तोवर दुपारचा विसावा ढाब्याच्या पत्र्याखाली, पेट्रोल पंपाच्या छताखाली किंवा ट्रकच्या सावलीत. ट्रकची सावली ट्रकबरोबर निघून जाते.

काटवट

यवतची ओळख पिठलं-भाकरी. पालखी काळभैरवनाथाच्या देवळात उतरते, पिठलं देवळात शिजते आणि भाकरी घरोघरीहून येते. हे आजही होते आणि जोरात होते, म्हणून पिठलं-भाकरी या यादीत नाही. यादीत आहे ती काटवट.

भाकरीचे पीठ मळायचे ते लाकडी पसरट भांडे. एका लाकडातून कोरलेले, वापरून वापरून आतून गुळगुळीत झालेले. त्याच्या जागी आधी पितळी परात आली, मग स्टीलची. काटवटीच्या आधी जाते गेले, जात्याबरोबर पहाटेची ओवी गेली. जात्यानंतर चूल गेली. आता मोठ्या कामापुरती अंगणात तीन दगड मांडून चूल पेटते, नाहीतर गॅसच्या शेगड्या आणल्या जातात.

आणखी एक गोष्ट भाकरी बघून कळत नाही. यवतच्या आसपास रानात बाजरी होती तेव्हा पायलीभर पीठ काढणे म्हणजे आपल्या कणगीत हात घालणे. रानात ऊस आला आणि घरात बाजरी विकत आली. आता बरीच घरे वारीच्या भाकरीसाठी धान्य बाजारातून आणतात, गिरणीतून दळून घेतात आणि तितक्याच हौसेने थापतात. देणे कमी झाले नाही. ते पूर्वी धान्याचे होते, आता पैशाचे आहे.

जिच्या हाताला शंभर भाकऱ्या एका बैठकीत थापायची सवय आहे अशी बाई आता साठीच्या पुढची असते. काटवटीपेक्षा तिची नोंद आधी करायला हवी.

सोपा

या भागातले जुने घर धाब्याचे. वर लाकडी सरे, त्यावर पांढरीच्या मातीचा थर. पुढे सोपा किंवा ओसरी, मागे माजघर, परड्यात गोठा. सोप्याला दार नसे. पावसात भिजत आलेल्या दिंडीला तो पुरे.

गावातल्या घराघराला ठरलेली दिंडी असे. ‘आमच्याकडे अमुक गावची दिंडी उतरते’ हे सोयरिकीसारखे सांगितले जाई. दिंडीतले म्हातारे घरातल्या सुनेला नावाने हाक मारत, गेल्या साली पोटात असलेले लेकरू यंदा मांडीवर घेत. घरधनी वारला तर मुलगा उतारा चालू ठेवी. वारकरी वारला तर त्याचा मुलगा त्याच सोप्यावर येई. दोन्हीकडे हक्क नव्हता आणि दोन्हीकडे हक्काने चाले.

धाब्याची घरे पाडून स्लॅबची झाली. सोप्याचा हॉल झाला. हॉलला फरशी, सोफा, दार, जाळी आणि फाटक. चिखलाच्या पायांनी आत यायला वारकरीच संकोचतो; घरवाल्याने कितीही या म्हटले तरी. दिंड्याही मोठ्या झाल्या. तीस-चाळीस माणसे सोप्यावर मावत, चारशे माणसांना तंबू लागतो. काही घरांनी वाट काढली आहे: रात्री तंबूत, सकाळचा चहा घरी. उतारा गेला, चहा राहिला.

२०२० आणि २०२१ साली साथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. या गावांना दोन ज्येष्ठ महिने पाहुण्यांविना गेले. त्यानंतर वारी पूर्ववत झाली. उतरण्याचे नाते मात्र सगळीकडे पूर्ववत झाले नाही. दोन वर्षांत काही म्हातारे यजमान गेले, काही म्हातारे वारकरी गेले, आणि कोणाकडे उतरायचे हे पुढच्याला सांगायचे राहून गेले.

दवंडी

पालखी उद्या येणार, रस्ता झाडा, सडे घाला, जनावरे आत बांधा, अशी आदल्या दिवशी हलगीवर दवंडी होई. आता व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे आणि पालखी कुठवर आली ते मोबाइलवर नकाशात दिसते. दवंडी देणाऱ्याला वर्षाचे धान्य मिळे आणि हाकेला उभे राहावे लागे. दवंडी गेली याचे दुःख करण्याआधी ती कोणाच्या वाट्याला येई ते आठवावे.

पायघड्या आणि फ्लेक्स

पालखीपुढे धोतरे, लुगडी अंथरायची रीत. बारामती तालुक्यात काटेवाडीला परीट समाजाकडून धोतराच्या पायघड्या अजून घातल्या जातात आणि पाहायला माणसे जमतात. इकडे घरातले धुतलेले लुगडे हातभर का होईना रस्त्यावर अंथरून, पालखी गेल्यावर ते घडी घालून ठेवणारी माणसे होती. त्या लुगड्याला पुन्हा पाय लागत नसे.

आता रस्ता मोठा, गर्दी मोठी. लुगडे अंथरायला जागा नाही. जागा आहे ती फ्लेक्सला. वारकऱ्यांचे सहर्ष स्वागत, खाली इच्छुकांचे फोटो, कोपऱ्यात तुकोबा. फोटोंच्या आकाराचे प्रमाण पाहून निवडणूक किती जवळ आली आहे ते ओळखता येते.

गूळपाणी

दारी आलेल्याला आधी गुळाचा खडा, मग पाणी. दौंड तालुका गुळाचा. केडगाव, पारगाव, राहू या पट्ट्यात गुऱ्हाळांची धुराडी दूरवरून दिसतात. वाटसरूच्या हातावर गूळ ठेवायला इथे कधी अडचण नव्हती. गुऱ्हाळावर गेलेल्याला रस आणि काकवी फुकट, हा तर अलिखित नियम.

गुऱ्हाळे आहेत, पण त्यांचे रूप पालटले. पूर्वी गुळव्या गावचा असे. काहिलीतल्या रसाचा बुडबुडा पाहून तो पाक ओळखी आणि नेमक्या वेळी काहील उतरवी. आता बरीच गुऱ्हाळे परप्रांतातून आलेले कामगार चालवतात. चुलवणात पूर्वी उसाचे चिपाड जळे. काही ठिकाणी प्लास्टिक आणि रबराचा कचरा जाळल्याच्या तक्रारी आणि बातम्या तालुक्यातून अधूनमधून येतात. त्या धुरातून चालणारे वारकरीही असतात.

पालखीच्या दिवशी हातात मिळते ती सीलबंद पाण्याची बाटली. तहान भागते. दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला बाटल्यांचा खच पडतो आणि तो उचलण्यासाठी वेगळी मोहीम काढावी लागते. गुळाच्या खड्यामागे काही उरत नसे.

घोंगडीची खोळ

घोंगडीचे एक टोक दुमडून डोक्यावर घ्यायची खोळ. पाऊस, थंडी, अंथरूण, पांघरूण, बसकण, सगळे एका वस्तूत. मेंढरे धनगराची, विणणारा सणगर, पांघरणारा वारकरी. आता प्लास्टिकचा कागद. हलका, स्वस्त, आणि पंढरपूरच्या आधीच फाटणारा. मेंढरे अजून या माळावर चरतात, लोकरीला गिऱ्हाईक नाही.

घाटाची जोडी

रोटीचा घाट फार उंच नाही, पण रथ जड आहे. रथाच्या मानाच्या बैलांना मदत म्हणून घाटात जास्तीच्या बैलजोड्या लावल्या जातात. त्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या. शिंगांना रंग, अंगावर झूल, गळ्यात घुंगरांचा चाळ. घाट चढला, रोटीला अभंग-आरती झाली की जोडीचा मालक वर्षभर ताठ चाले.

प्रथा आहे, आणि ज्या घरी जोडी आहे ते घर अजूनही हौसेने पुढे येते. प्रश्न जोडीचा आहे. नांगरट ट्रॅक्टरने होते, पेरणी ट्रॅक्टरने होते, ऊस ट्रॉलीतून जातो. खिल्लार बैल सांभाळायचा तर तो शर्यतीसाठी किंवा पोळ्यासाठी. ज्या बैलाने कधी औत ओढले नाही त्याला घाटात जड रथाला जुंपता येत नाही. खांदा बसलेला असावा लागतो. खांदा बसवणारा माणूसही हवा. जू, शिवळ, जोते, वेसण, कासरा हे शब्द त्याच्याबरोबर आहेत.

दिंडीचे सामानही पूर्वी बैलगाडीतून चाले. गाडीच्या चालीने दिंडी चाले, म्हणजे माणसाच्या चालीने. आता सामान ट्रकमध्ये असते आणि माणसे पोहोचायच्या आधी मुक्कामी पोहोचलेले असते. सोय मोठीच. गाडीवानाला मात्र काम राहिले नाही.

बाड

तुकोबांचे अभंग त्यांच्या हयातीतच लिहून घेणाऱ्यांत चाकणचे संताजी जगनाडे होते. पुढे दोनशे वर्षे गाथा हातांनी उतरून घेतली गेली. सरकारी मदतीने तयार झालेली छापील गाथा १८६९ पासून निघू लागली. शासनाच्या गाथेत अभंगांची संख्या ४,६०७ आहे. छापील पुस्तक आले तरी गावोगावच्या भजनी मंडळांकडे आपापले बाड होते: जाड कागदाच्या वह्या, कापडी बासन, शाईचे डाग, कडेला तेलाची बोटे. पंचपदी कोणती, काल्याचे अभंग कोणते, कोणत्या चालीवर कोणता, हे त्यात.

बाडात चुका असत. कधी कधी त्या चुका नसत, वेगळा पाठ असे. एका गावचा शब्द दुसऱ्या गावी नसे आणि दोघेही आपलाच खरा म्हणत. अभ्यासकाला त्याची किंमत कळते. घर झाडताना ते बाहेर काढणाऱ्याला ती कळेलच असे नाही. आता अभंग मोबाइलवर सापडतो, सगळीकडे एकच, आणि टंकनाची चूकही सगळीकडे एकच.

पखवाजाचेही असेच. वाद्या ताणून, लाकडी गठ्ठे ठोकून सूर लावायचा पखवाज मागे पडून नटबोल्टचा पुढे आला. पान्याने सूर लागतो. गठ्ठ्यावर हातोडी कुठे आणि किती मारायची हे ज्याला कळे, त्याच्या गावात आता त्याची गरज नाही.

नाव

या भागातून पंढरपूरला माणसे जातात त्याच्याही आधी पाणी जाते. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेत मिळते. पुण्याची मुळा-मुठा रांजणगाव सांडस आणि वाळकीच्या संगमावर मिळते. मग भीमा शिरूर आणि दौंड यांच्या मधून वाहत, उजनीच्या धरणात थांबत, पंढरपूरला चंद्रभागा होते.

नदीवर पूल नव्हते तेव्हा दोन तालुक्यांना जोडणारी वस्तू म्हणजे नाव. पावसाळ्यात शिरूरकडच्या माणसाला यवत-वरवंडच्या मुक्कामाला यायचे तर नावाड्याशिवाय गती नव्हती. गावकऱ्यांकडून त्याला सुगीला धान्य मिळे, वाटसरू पैसे देई. वारीच्या दिवसांत माळ घातलेल्याकडून पैसे घेण्यावरून नावाड्याच्या घरी खटके उडत असतील, तर नवल नाही.

पारगावच्या बाजूला पूल झाला, बंधारे झाले, बंधाऱ्यांवरून दुचाकी जाऊ लागली. नाव गेली. नदीत नंतर दुसऱ्या बोटी आल्या, वाळू उपसणाऱ्या. महसूल खाते त्या पकडते, जिलेटीन लावून फोडते, आणि काही दिवसांनी पुन्हा पकडायला बोटी असतातच. वाळूबरोबर नदीचा उतारही गेला. पूर्वी कुठे गुडघाभर, कुठे कमरेएवढे पाणी ते पोराबाळांना ठाऊक असे. आता उपशाच्या खड्ड्यांमुळे कोणालाच सांगता येत नाही.

पाणीही तेच राहिले नाही. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून येते, त्यावर जलपर्णी माजते. स्नानाला नदीवर जाणारे दौंडचे गाव आता शोधावे लागेल. तेच पाणी पुढे चंद्रभागेच्या वाटेला लागते.

दौंडचा फलाट

चालणे न झेपणाऱ्यांची वारी रेल्वेने. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला आणि नगर, खानदेशाकडची माणसे दौंडच्या फलाटावर येऊ लागली. इथे गाडी बदलायची, कुर्डुवाडीला पुन्हा बदलायची. तिथून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १९०६ पासून पंढरपूरला जात असे. दौंडच्या फलाटावर टाळ, कुर्डुवाडीला धक्काबुक्की, छोट्या गाडीच्या टपावरही माणसे.

छोटी गाडी गेली, रुंद रूळ आले, प्रवास सुधारला. दौंडच्या फलाटावर गाडीची वाट पाहत रात्रभर चालणारे भजन तेवढे थांबले. वाट पाहण्याचा वेळ उरला नाही.

वेगळा तांब्या

ही यादी सगळी हळहळायची नाही. काही वस्तू जायलाच हव्या होत्या. वारीच्या वाटेवर वरून धार धरून पाणी पाजायचा वेगळा तांब्या होता, वेगळी पंगत होती. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात एकाच दिंडीत चालणाऱ्यांच्या जेवणाच्या जातवार वेगळ्या जागा नोंदवून ठेवल्या आहेत. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. तुकोबांना जाऊन तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षे झाली होती.

तो तांब्या आता दिसत नाही. घरोघरी तो कोणत्या कोनाड्यात ठेवत, हे सांगणारी माणसे अजून आहेत. त्यांच्याकडून ते लिहून घ्यावे. पुढे कोणी ‘आमच्याकडे असले काही नव्हते’ म्हणाला तर दाखवता येईल.

टोचल्याचा दाखला

पंढरपूरची वारी आणि पटकी यांची जोडी कैक वर्षे टिकली. वारकऱ्यांना लस टोचून घेण्याची सक्ती असे आणि दाखला जवळ बाळगावा लागे. वाटेवरच्या गावांत पालखीच्या मागोमाग साथ येई, मग मरीआईचा गाडा शिवेबाहेर ओढला जाई. दाखला, गाडा आणि साथ, तिन्ही गेले. यादीतली ही सर्वांत आनंदाची नोंद.

कार्तिकाची शिदोरी

शेवटची नोंद शिरूरची. कार्तिक वद्य एकादशीची आळंदीची यात्रा आणि त्रयोदशीचा ज्ञानोबांचा समाधी सोहळा. शिरूर तालुक्यातून आळंदी दोन-तीन मुक्कामांवर. सुगी झालेली, नवी बाजरी घरात, थंडी पडू लागलेली. दशम्या, धपाटी, शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधायची आणि निघायचे. आषाढी वारीची शिस्त मोठी, सोहळा मोठा. कार्तिकी त्या मानाने घरगुती. चार शेजारी, एक वीणा, दोन टाळ.

रांजणगावला औद्योगिक वसाहत आली आणि तालुक्याचे घड्याळ पाळीवर चालू लागले. एकादशी कोणत्या वाराला येते हे आता रजेच्या हिशेबाने पाहिले जाते. पुणे-नगर रस्त्यावर रहदारी अशी की लहान दिंडीला रस्त्याच्या कडेने चालणे धोक्याचे. अनेकजण पहाटे गाडी काढतात आणि दर्शन घेऊन संध्याकाळी घरी येतात. जाणे टिकले. दोन-तीन दिवसांची वाट गेली आणि वाटेवर खायची शिदोरी तिच्याबरोबर गेली.



यादी पुरी नाही. गॅसबत्ती राहिली, देवळातले चातुर्मासाचे पोथीवाचन राहिले, आणखी बरेच राहिले. ते इथल्याच लोकांनी भरायचे आहे.

वारीची काळजी करायचे कारण नाही. तिला शासन आहे, संस्थान आहे, कॅमेरे आहेत, लाखो पाय आहेत. काळजी आहे ती गाव यजमान राहते की नुसता रस्त्यावरचा थांबा होते, याची. वस्तू परत आणता येत नाहीत आणि काही आणूही नयेत. नोंद मात्र ठेवता येते, आणि तिला फार काही लागत नाही.

यवत, वरवंड, पाटस, रोटी या गावांतल्या शाळांनी, ग्रामपंचायतींनी, भजनी मंडळांनी येत्या ज्येष्ठाच्या आधी शंभर पानी एकेक वही घालावी. कोणत्या घरी कोणती दिंडी उतरत होती, यजमान कोण, वारकरी कोणत्या गावचे. कोणते झाड कोणत्या दिंडीचे होते, ते कधी तुटले. बाड कोणाकडे आहे. असेल तर प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. घाटाला जोडी कोणी दिली. वेगळा तांब्या कोणत्या घरात होता. पालखी मुक्कामी आली की त्याच संध्याकाळी दिंडीतल्या म्हाताऱ्यांना वही वाचून दाखवावी आणि ते सांगतील त्या दुरुस्त्या पेन्सिलीने करून घ्याव्यात. शिरूरकडच्यांनी हेच काम कार्तिकाच्या आधी करावे. सांगणाऱ्यांपैकी बरेचजण ऐंशीच्या घरात आहेत, म्हणून यंदाच.